सांगेआंगसमोरचा दीड तास

पिनिसी बोटीचं आधी सांगते, कारण पैसे तिच्यासाठीच मोजले होते आणि राहिलोही तिच्यावरच. इंडोनेशियात सुलावेसी बेटाच्या दक्षिण टोकाला ताना बेरू नावाचं गाव आहे, तिथं आणि आसपास ह्या लाकडी बोटी समुद्राच्या काठावर उघड्यावरच बांधतात, दोन डोलकाठ्या, सात शिडं, आणि कागदावर आराखडा वगैरे काही नाही, आधी बाहेरच्या फळ्या एकाला एक जोडत जायचं आणि आतला सांगाडा मग बसवायचा. म्हणजे आपल्या डोक्यात जे असतं त्याच्या बरोबर उलटं. युनेस्कोने २०१७ मधे ह्या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पूर्वी ह्या बोटींतून माल जायचा, आता त्यातल्या कित्येक एसी खोल्या, गरम पाणी, वरच्या डेकवर गाद्यागिरद्या अशा तयारीनं कोमोडो बेटाच्या समुद्रात पर्यटकांना घेऊन फिरतात.

नणंदेच्या लग्नाला २५ वर्षं झाली, तिनं ठरवलं की हॉल, जेवणावळ, आहेर काही करायचं नाही, आपण चौघांनी कुठंतरी लांब जायचं. ताई आणि भावजी पुण्याचे, आम्ही दोघं साताऱ्याचे. मी लगेच म्हणलं की ज्वालामुखी असतील तिथं जाऊ. साताऱ्यात वाढलेल्या माणसाला ही ओढ असणारच असं मला वाटतं. अजिंक्यतारा काय, यवतेश्वरचा घाट काय, कासचं पठार काय, सगळं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेलं, आपल्या घराच्या पायातला काळा दगड हा कधीतरी वाहत होता हे शाळेत ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. भावजींनी डायव्हिंगचा कोर्स केलेला, त्यांना समुद्र पाहिजेच होता. मग फ्लोरेस बेटावरच्या लाबुआन बाजो बंदरापासून पश्चिमेकडं सुंबावा बेटाच्या कडेकडेनं लोंबोक बेटापर्यंत जाणारी बोट मिळाली आणि तिच्या कार्यक्रमपत्रिकेत स्वच्छ लिहिलेलं होतं: सांगेआंग ज्वालामुखी आणि वेरा गाव, अर्धा दिवस. त्या एका ओळीवर मी ही बोट निवडली.

बाली ते लाबुआन बाजो विमानात डाव्या खिडकीशी बसा. लोंबोकचा रिंजानी ज्वालामुखी दिसतो, ३,७२६ मीटर, ढगांच्या वर नुसतं टोक, आणि थोड्या वेळानं सुंबावावरच्या तांबोरा ज्वालामुखीचं भलंमोठं विवर. मी तो अख्खा वेळ काचेला नाक लावून होते.

बोटीवरची सोय फार चांगली होती, हे मनापासून सांगते. आम्ही पाहुणे जितके तितकीच जवळजवळ काम करणारी माणसं. अहो बिनसाखरेचा चहा घेतात हे पहिल्या सकाळी एकदा सांगितलं, नंतर कुणी विचारलं नाही, बरोबर तसाच यायचा. दोन दिवस सौम्य सूप आणि भाजलेले मासे खाल्ल्यावर ताईंनी स्वयंपाक्याला विचारलं की तुम्ही लोक स्वतः काय खाता, तर त्याला इतका आनंद झाला, त्या दिवसापासून आमच्या टेबलावर वेगळा सांबल यायला लागला, मिरची, लसूण, टोमॅटो आणि सुकटीसारखा वास. भात आणि तो सांबल, बास. पण ही माणसं झोपायची कुठं ते मी एकदा बघितलं, पुढच्या बाजूला खाली, इंजिनच्या आवाजात, अरुंद फळ्यांवर. वर आम्हाला तीन तीन उशा. मला ते बघून बरं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

कोमोडोचे दिवस पटकन उरकते. पादार बेटाच्या टेकडीवर पहाटे जायचं, तीन खाड्या एकदम दिसतात, फोटोत दिसतं तितकंच सुंदर आहे, पण पायऱ्यांवर फोटोसाठी रांग, वर ड्रोनची भुणभुण, दोन मिनिटं शांत उभं राहू देत नाहीत. मला त्या गर्दीचा संताप आला. कोमोडो ड्रॅगन बघितले, म्हणजे राक्षसी घोरपडीच, तीन मीटरपर्यंत वाढतात, सोबत दुबेळक्याची काठी घेतलेला रेंजर असतो आणि तो सांगेल तिथंच उभं राहायचं. गुलाबी वाळूचा किनारा खरंच गुलाबी आहे, लाल कवचाच्या अगदी बारीक जिवांचा चुरा पांढऱ्या प्रवाळाच्या वाळूत मिसळतो म्हणून. मांता मासे मात्र कायम लक्षात राहतील, डोक्याखालून पंख पसरून गेले. ह्या सामुद्रधुन्यांतून पॅसिफिकचं पाणी हिंदी महासागरात उतरतं, प्रवाह इतका जोरात की दोरी धरूनच उतरायला लागलं, आणि त्याच प्रवाहाबरोबर त्यांचं खाणं येतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

कोमोडो सोडायच्या आदल्या रात्री जेवणं झाल्यावर मॅनेजरने सगळ्यांना डेकवर बोलावलं आणि सांगितलं की उद्या सांगेआंगला फक्त पोहायला थांबलो आणि वेरा गाव वगळलं तर अजून एक पांढऱ्या वाळूचा बीच मिळेल, तिथं संध्याकाळी बार्बेक्यू करू, हात वर करा. मला आधी कळेचना की जे छापून दिलंय, ज्याचे पैसे घेतलेत, त्यावर मतदान कसलं? दुसरं एक कुटुंब होतं, त्यांच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं की काळ्या वाळूत मुलांचे कपडे खराब होतात आणि खेड्यात बघायचं काय. बहुतेक हात बीचसाठी वर झाले. मी उठून उभी राहिले आणि म्हणलं, आम्ही चौघं इथं ह्या गावासाठी आलोय, बाकीच्यांनी खुशाल बोटीवर बसावं, आम्हाला छोट्या होडीतून सोडा. ताई माझ्या बाजूनं ठाम उभ्या राहिल्या. बरीच वादावादी झाली. शेवटी अर्ध्या दिवसाचा दीड तास झाला.

सकाळी डोळे उघडले तर खिडकीभर सांगेआंग. समुद्रातून सरळ वर उठलेला डोंगर, १,९०० मीटरच्या वर, माथ्याला पांढरट धूर, खाली उतारावर हिरवं आणि मधून मधून राखेचे ओघळ समुद्रापर्यंत आलेले. लाइफ जॅकेट घालून आम्ही उथळ पाण्यात उतरलो. खाली काळी वाळू, आणि त्या वाळूतून बुडबुडे. एका जागी नाही, जिथं बघावं तिथून, बारीक बारीक माळा सरळ वर येतायत, पोटाला लागतायत, चेहऱ्याशी फुटतायत. ज्वालामुखीचा वायू आहे तो, तळातून झिरपतो. त्या काळ्या वाळूवर पिवळे, केशरी प्रवाळ आणि इवले इवले रंगीत जीव. भावजी सिलिंडर लावून खाली गेले होते, वर आल्यावर म्हणाले, एका ठिकाणी वाळूत बोटं खुपसली तर आत गरम होतं, हात काढावा लागला. मी अर्धा तास पाण्यात नुसती तरंगत होते. आपल्याकडचा काळा दगड उन्हानं तापतो, इथला आतून तापलेला आहे, एवढंच डोक्यात फिरत होतं आणि रडूही येत होतं.

मग वेरा. हे सांगेआंगच्या समोर, सुंबावाच्या मुख्य किनाऱ्यावर. आमच्या बोटीवरचा एक पोरगा, दोर बांधायचं काम करायचा, तो निघाला ह्याच बाजूचा, त्यालाच आमच्याबरोबर पाठवलं, हे एक बरं झालं. काळ्या वाळूवर दुमजली घराएवढ्या उंच बोटी अर्धवट बांधलेल्या उभ्या, लाकडाच्या टेकूंवर, खाली माणसं लाकडी खुंट्या ठोकतायत, फटींत सालीचा काथ्या भरतायत. आपण ज्या बोटीवर मऊ गादीवर झोपून आलो तसलीच बोट इथं उघडी बसलीय. मागं खांबांवरची लाकडी घरं, घरांच्या खाली सावलीला बायका मागावर लुंग्या विणत बसलेल्या. त्यांच्यातल्या दोघींनी तीच चौकटीची लुंगी डोक्यावरून घेतलेली. मला बघून एकीनं सरकून जागा केली आणि हातानं खुणावलं, बस म्हणून. बोटीवर एवढी माणसं आमची सरबराई करत होती, पण ह्या प्रवासात कुणी मला असं बस म्हणलं नव्हतं.

कॉफी आली, कपात तळाला गाळ, गोड मिट्ट, आणि तळलेली केळी. एक म्हातारेबाबा येऊन बसले. पोरगा मधे दुभाष्या. बाबा म्हणाले आम्ही मूळ त्या तिकडचे, आणि हात सांगेआंगकडं केला. १९८५ मधे डोंगर पेटला, तेव्हा बेटावरच्या लोकांना होड्यांत घालून इकडं आणलं, आणि मग पुढच्या काही वर्षांत गावच्या गाव इकडं वसवलं. मी विचारलं, मग परत गेलाच नाही? तर बाबा हसले, म्हणाले जातो की, शेती तिकडंच आहे, गुरं तिकडंच आहेत, पेरणीला जातो, काढणीला जातो, झोपायला इकडं. २०१४ च्या मे महिन्यात तो पुन्हा फुटला तेव्हाही माणसं तिकडं शेतात होती, त्यांना घाईनं आणावं लागलं. त्या वेळची राख इतकी वर गेली की ऑस्ट्रेलियातल्या डार्विनची विमानं रद्द झाली होती. मी म्हणलं भीती नाही वाटत? बाबांनी पोराला काहीतरी लांबलचक सांगितलं आणि त्यानं मला एवढंच सांगितलं की आजा तिथं पुरलाय.

माझ्या आईचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा आजोबांना रायगडकडं जमीन दिली, भाताची, दमट हवेची, आजीला तिथं कधी करमलंच नाही. पण उन्हाळ्यात शिवसागराचं पाणी मागं गेलं की मामा मुद्दाम यायचा, साताऱ्यात आमच्याकडं मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी बामणोलीकडून लाँचनं जाऊन देवळाच्या जोत्याला हात लावून यायचा, कधी त्या गाळाच्या जमिनीत कुणी काय पेरलंय ते बघून यायचा. लहानपणी आम्हाला वाटायचं हा एवढा खर्च करून दगड बघायला का येतो. मी बाबांना हे सगळं सांगितलं. पोरगा सांगत होता, बाबा मान हलवत होते. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडं जमीन हलते का? म्हणलं हलते, १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे हलली, घरंच्या घरं पडली, पार मुंबईपर्यंत लोक रस्त्यावर आले. त्यावर बाबांनी माझा हात धरून ठेवला आणि बाजूच्या बाईला काहीतरी बोलले, ती आत जाऊन अजून केळी घेऊन आली.

तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला. दीड तास संपला होता. मला अजून विचारायचं होतं की देव कुठला ठेवलाय तिकडं, लग्नं कुठं लावता, पोरं तिकडं जायला तयार असतात का. भोंगा पुन्हा. ताईंनी घाईघाईत एक लुंगी विकत घेतली, निळी आणि लाल चौकटीची, त्या बाईनं सांगितली त्याच किमतीला, घासाघीस केली नाही. संध्याकाळी पांढऱ्या वाळूवर बार्बेक्यू झालं, मी गेले नाही.

पुढं सातोंदा नावाचं छोटं बेट लागलं, तेही ज्वालामुखीच, मधल्या विवरात खारं तळं, आणि काठच्या झाडांच्या फांद्यांना लोकांनी नवसाचे दगड बांधलेले. तिथून आग्नेयेला अख्खा वेळ तांबोरा दिसत राहतो. शिखर नसलेला डोंगर. १० एप्रिल १८१५ ला, आपल्याकडं पेशवाई अजून चालू होती तेव्हा, हा असा फुटला की साधारण ४,३०० मीटरचा होता तो २,८५० वर आला, माथ्यावर सहा किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. आवाज दोन हजार किलोमीटरवर सुमात्रात ऐकू गेला आणि लोकांना वाटलं तोफा चालल्यायत. पायथ्याचं तांबोरा नावाचं राज्य माणसांसकट, त्यांच्या भाषेसकट गाडलं गेलं. पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही, पिकं गेली. आमच्या गाईडनं हे सगळं तीन वाक्यांत संपवलं आणि कयाक हवेत का म्हणून विचारलं. मी डेकवर बसून अंधार पडेपर्यंत त्या डोंगराकडं बघत राहिले.

सालेह उपसागरात पहाटे व्हेल शार्क बघितले, कोळ्यांच्या मचाणांखाली बारीक मासळी खायला येतात, अहोंना ते सगळ्यात जास्त आवडलं. मोयो बेटावरचा धबधबा, लोंबोक, विमान, घर.

कुणी जाणार असाल तर एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम, तेव्हा जा. कर्मचाऱ्यांची बक्षिसी शक्यतो रुपियात रोख न्या आणि जमलं तर खाली झोपणाऱ्या पोरांच्या हातात द्या. आणि वेराचा अर्धा दिवस मेलवर लिहून घ्या, त्यांच्याकडून उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका. मी परत आल्यावर कंपनीला तक्रार लिहिली, सगळं सविस्तर, तर त्यांनी माफी मागून पुढच्या सफरीवर सवलतीचं कूपन पाठवलं. मी ते घेतलं नाही. उलट लिहिलंय की सवलत नको, पूर्ण पैसे घ्या, पण बोट वेरासमोर एक अख्खा दिवस नांगरून ठेवा, आणि गावातलं कुणी दुभाष्या म्हणून द्या, त्याचे पैसे वेगळे देऊ. त्यांचं उत्तर आलं की विचार करतो. आईचा पासपोर्ट मी काढायला टाकलाय.