तुम्ही विचारलंत म्हणून: प्रार्थना करूनही तेच पाप पुन्हा का होतं?

हा प्रश्न बहुतेक वेळा उपासना संपल्यावर, बाकीचे पांगले की खालच्या आवाजात विचारला जातो. "रोज प्रार्थना करतो, रडून क्षमा मागतो, पंधरा दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच. माझा विश्वास कमी पडतो का?" 'तेच' म्हणजे कुणाची दारू, कुणाचा हात उगारणारा राग, आणि हल्ली बऱ्याचदा रात्री मोबाइलवर जे पाहू नये ते पाहणं.

दुसऱ्याचा विश्वास मोजायचं माप कुणाकडेच नाही. पण बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा ७ वा अध्याय काढून बघा. चांगलं करायची इच्छा आहे ते हातून होत नाही आणि नको असलेलं वाईट तेच घडतं, ही तक्रार ते पत्र लिहिणाऱ्या खुद्द पौलाची आहे. माझ्या मते पुष्कळांचं चुकतं ते वेळेचं. प्रार्थना होते ती पाप घडून गेल्यावर, नाहीतर मोह अगदी भरात आल्यावर. तोवर दार लावलेलं असतं, दिवा मालवलेला असतो आणि मोबाइल हातात असतो. प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'आम्हांला परीक्षेत आणू नको' असं म्हणतो. ही सकाळी करायची विनंती आहे, आणि तिच्या जोडीनं सकाळीच उरकायची काही कामं आहेत.

त्यातलं सगळ्यात उपयोगी काम सोळाव्या शतकातला कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात आहे. १५४८ मध्ये पोपनं त्याला मान्यता दिली. प्रॉटेस्टंट वाचकांनी नाव वाचून पान उलटू नये; हे काम म्हणजे एक वही ठेवणं, आणि वहीला पंथ नसतो. एका पानावर आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघांच्या सात जोड्या ओढायच्या. उठल्या उठल्या एकच दोष डोळ्यांसमोर आणायचा आणि आज त्यापासून सांभाळ म्हणून देवाकडे मागायचं. दुपारी जेवणानंतर सकाळपासूनचा एकेक तास आठवायचा आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके पहिल्या रेघेवर द्यायचे. रात्री जेवण झालं की दुपारनंतरचे ठिपके दुसऱ्या रेघेवर. मग ताडून पाहायचं: दुपारची रेघ सकाळच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी. इग्नेशियसनं आठवड्याच्या रेघा उतरत्या लांबीच्या काढायला सांगितल्या, कारण ठिपके कमी होत जातील हे त्यानं गृहीत धरलं होतं. शिवाय दिवसभरात चूक झाली की त्याच क्षणी छातीला हात लावायचा. चारचौघांतही हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि चूक तिथल्या तिथे नोंदली जाते.

यात एक भर घाला. ठिपक्याशेजारी वेळ आणि जागा लिहा. दोन-तीन आठवड्यांत पान बोलायला लागतं: अकरानंतर, अंथरुणात, बहुधा घरात कुणाशी तरी वाजलेलं असतं त्या दिवशी. मग उपाय साडेदहाला करायचा असतो. चार्जर स्वयंपाकघरात, फोन तिथेच, गजराला वेगळं घड्याळ.

ही वही फसते तेव्हा कारणंही ठरलेली असतात. एकदम पाच दोष घेतले की तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. 'राग' असं मोघम लिहिलं की ठिपका कधी द्यायचा तेच कळत नाही; 'मुलांवर ओरडणं' लिहा, लगेच कळेल. कुणी एका वाईट दिवसानंतर वही फेकतो, तर कुणी मोजण्याच्याच नादी लागतो. क्षमा ख्रिस्ताकडून मिळते, कमी ठिपक्यांचं ते बक्षीस नव्हे. रेघा पाहून रात्रीची झोप उडायला लागली तर महिनाभर वही बंद ठेवा.

मोह तरीही येणारच. अरण्यात सैतानानं तीनदा मोह घातला तेव्हा येशूनं त्याच्याशी वाद घातला नाही. तिन्ही वेळा जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं एकेक वाक्य समोर ठेवलं (अध्याय ८ आणि ६). चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या संन्याशानं हाच धागा धरला आणि खादाडपणापासून गर्वापर्यंत आठ प्रकारच्या विचारांना उत्तर म्हणून वचनांच्या याद्या करून ठेवल्या. तुम्हाला तीन वचनं पुरेत, पण तोंडपाठ हवीत. त्या घटकेला पुस्तक शोधायला कुणी उठत नाही. देहवासनेच्या बाबतीत मात्र तिथे थांबून वचन म्हणत बसणंही धोक्याचं. धन्याची, म्हणजे पोटीफरची, बायको मोहात पाडू लागली तेव्हा योसेफ तिच्या हातात वस्त्र टाकून पळाला (उत्पत्ती ३९). खोली सोडा, वचन अंगणात म्हणा.

शरीराकडेही बघा. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा दूतानं त्याला उपदेश केला नाही, दोनदा उठवून खायला-प्यायला दिलं. झोप अपुरी आणि पोट रिकामं असलेल्या माणसाला शिक्षा म्हणून आणखी कडक उपवास सांगणं मला पटत नाही. उपवासकाळातल्या त्यागाचंही तसंच आहे. 'ईस्टरपर्यंत दारू नाही' असं ठरवलं की मन ईस्टरची वाट बघत बसतं. ईस्टरनंतरच्या सोमवारी काय करायचं ते भस्म बुधवारीच, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, ठरवा.

मग सांगायचं कुणाला? याकोबाच्या पत्रात (५:१६) आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा असं आहे. कॅथलिकांना पापनिवेदनाची सोय आहे आणि तिथे ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत. शक्यतो दर वेळी त्याच फादरांकडे जा, म्हणजे आधीचं पुन्हा सांगावं लागत नाही. इतरांनी एकच माणूस निवडावा: स्त्रीनं स्त्री, पुरुषानं पुरुष, वयानं थोडा मोठा आणि त्याच दोषात सध्या अडकलेला नसलेला. आठवड्याचा वार ठरवा आणि त्यानं 'कसं चाललंय?' असं न विचारता 'किती ठिपके?' असं विचारावं. प्रार्थनेचा विषय म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. तिथून तो रविवारपर्यंत अख्ख्या मंडळीत फिरतो.

दारूचं वेगळं सांगायला हवं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं प्रार्थनासभेत हात वर करून त्याच रात्री एकदम सोडली, तर काही तासांत हात थरथरतात आणि दरदरून घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, माणूस नसलेल्या गोष्टी पाहून ओरडतो. लोक म्हणतात भूत निघतंय आणि डोक्यावर हात ठेवून रात्रभर प्रार्थना करतात. हा जिवावर बेतणारा आजार आहे, त्याला औषधं आहेत आणि जागा दवाखान्याची आहे. म्हणून निर्णय सभेत घेतला तरी सोडायची तारीख डॉक्टरांना विचारून ठरवा. पहिले चार-पाच दिवस त्यांच्या देखरेखीखाली काढा, आणि पाळकांना प्रार्थनेसाठी तिथेच बोलवा. पुढे पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, गावोगावी ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) सभाही आहेत. ए.ए. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालं. त्यांच्या बारा पायऱ्यांमधली पाचवी म्हणजे आपल्या चुका देवापुढे, स्वतःपुढे आणि दुसऱ्या एका माणसापुढे कबूल करणं. विश्वासी माणसानं तिथे जायला लाजायचं काहीच कारण नाही.