एका सुताचा फरक

बाबा एप्रिलमध्ये आमच्याकडे, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला आले आणि पहिल्याच सकाळी चहाचा कप हातात धरून त्यांनी हॉलच्या भिंतीवर बोटांनी टकटक केली. "पोकळ आहे रे!" पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून नोकरी झालेला माणूस. त्यांच्या लेखी भिंत म्हणजे निदान नऊ इंच वीट आणि वर गिलावा. इथे दर १६ इंचांवर उभा लाकडी स्टड, त्यावर अर्ध्या इंचाचा ड्रायवॉलचा बोर्ड, झाली भिंत. आत काय भरतात विचारल्यावर मी जिप्सम म्हणालो, तर ते हसायलाच लागले. वाळव्याकडे उसाची जमीन चोपण झाली की शेतकरी जिप्समच तर टाकतात. हेच जिप्सम भाजून पीओपी होतं, त्याचे आपण गणपती करतो, आणि इथली माणसं ते दोन कागदांच्या मध्ये घालून घरं बांधतात.

मेमध्ये डायनिंगच्या छतावर चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग उमटला. वरच्या बाथटबचा ड्रेन गळत होता. प्लंबर आला, त्यानं छताला दोन बाय तीन फुटांचं भोक पाडलं, पाइप बदलला, बिल दिलं आणि गेला. भोक कोण बुजवणार? "ते माझं काम नाही." इथे हे असंच असतं. प्लंबर फोडतो, बुजवणारा वेगळा, रंगवणारा कधीकधी तिसराच.

माझी पहिली चूक म्हणजे घाई. पुढच्या शनिवारी सत्यनारायण होता, वीसेक माणसं जेवायला येणार होती आणि टेबलाच्या बरोबर वर ते भोक. ओळखीतून एका हँडीमनचा, म्हणजे किरकोळ दुरुस्त्या करणाऱ्याचा नंबर मिळाला. त्यानं फोनवरच सांगितलं, ३५० डॉलर, एका दिवसात रंगासकट. सकाळी नऊला आला, चारला गेला. भोक नाहीसं झालं होतं. मी खूश, बायको अनघा खूश. बाबा काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

संध्याकाळी साडेसातला स्लायडिंग दारातून तिरपं ऊन आलं आणि छतावर दोन बाय तीनचा चौकोन असा उठून दिसला, जणू कुणी वरून पाट चिकटवलाय. बाबा बॅटरी घेऊन डायनिंगच्या खुर्चीवर चढले (वय ७४, अनघा ओरडतेय) आणि बॅटरी छताला जवळजवळ टेकवून आडवी धरली. "बघ. एका सुताचा फरक आहे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमचं छत पाच सुती बोर्डाचं होतं. छताला सहसा जाड बोर्ड घेतात, नाहीतर काही वर्षांनी तो दोन जॉइस्टच्या, म्हणजे छताच्या आडव्या लाकडी वाशांच्या मध्ये पोट सोडतो. या गृहस्थानं तिथे चार सुती, म्हणजे भिंतीचा अर्धा इंची तुकडा बसवला होता आणि राहिलेलं एक सूत मड थापून भरलं होतं. मड म्हणजे जॉइंट कंपाउंड, श्रीखंडासारखं दिसणारं पांढरं लुकण. ते वाळताना आकसतं. जाड थर एकदम दिला की भेगाळतंच. पूजा पार पडली, पण आठ दिवसांत चौकोनाच्या चारही कडांना केसाएवढ्या चिरा दिसायला लागल्या आणि जुना तपकिरी डाग नव्या रंगातून परत डोकावला, कारण खाली डाग अडवणारा प्रायमर मारलाच नव्हता. हँडीमननं फोन उचलणं बंद केलं.

मग मात्र तिघांना घरी बोलावून एस्टिमेट घेतलं. एका मोठ्या कंपनीचा कडक इस्त्रीचा सेल्समन टॅब्लेट घेऊन आला. छताकडे दोन मिनिटं, टॅब्लेटकडे वीस मिनिटं बघून म्हणाला २,४०० डॉलर, आजच सही केलीत तर दहा टक्के सूट. दुसऱ्यानं फोटो पाठवा म्हणून सांगितलं आणि तो आलाच नाही. तिसरा मूळचा इक्वाडोरचा, दोन गावं पलीकडे राहणारा, स्वतः आणि त्याचा पुतण्या एवढीच त्याची कंपनी. त्याचा पहिला प्रश्न होता, घर कधीचं? मी म्हटलं, १९७२. तो थांबला. १९७७ साली बंदी येईपर्यंत इथे जॉइंट कंपाउंडमध्ये फुप्फुसांना घातक अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. जुन्या छताला घासपेपर लावायच्या आधी तपासून घ्या, म्हणाला. आमच्या हँडीमननं तर कडा घासून पूर्ण खोलीभर धूळ केली होती! नमुना प्रयोगशाळेत पाठवला आणि रिपोर्ट येईपर्यंतचे तीन दिवस आम्ही किचनमध्ये उभ्यानं जेवलो. रिपोर्ट स्वच्छ आला. पण तो प्रश्न त्यानं विचारला, तेव्हाच माझं मन ठरलं होतं.

दुसरा प्रश्न, गळती थांबून किती दिवस झाले? खिशातून मीटर काढून त्यानं जॉइस्टचा ओलावा मोजला. वरच्या टबमध्ये पाणी सोडायला लावलं आणि खाली दहा मिनिटं नुसता उभा राहिला. बाबांना हे फार आवडलं. "कालव्याची टेस्टिंग अशीच करायचो आम्ही."

किंमत ९५० डॉलर, तीन वेगळ्या दिवशी तीन फेऱ्या. एवढ्या भोकाला ९५०? मी जरा घासाघीस केली, तेव्हा तो म्हणाला, बोर्डाचे पैसे पंधरा-वीस डॉलर आहेत, बाकी सगळे वाट बघण्याचे. कागदपत्रं त्यानं न मागता दिली. न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या कॉन्ट्रॅक्टरला राज्याकडे नोंदणी करावी लागते. त्याचा नंबर १३व्हीएच या अक्षरांनी सुरू होतो आणि राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्सच्या साइटवर तपासता येतो. काम ५०० डॉलरच्या वर असेल तर करार लेखी हवा, विम्याच्या सर्टिफिकेटची प्रत सोबत हवी, आणि सही केल्यावर तीन कामकाजी दिवसांत तो रद्द करायची मुभा असते. हँडीमनचा नंबर मी आता शोधला तर नोंदणी नव्हतीच. ३५० डॉलर अक्कलखाती.

पहिल्या दिवशी त्यानं दाराला चेनवाला प्लास्टिकचा पडदा लावला, एसीची जाळी झाकली आणि आधीचा तुकडा काढून भोक आणखी मोठं केलं, दोन्ही बाजूंच्या जॉइस्टच्या मध्यापर्यंत. बोर्डाच्या कडेला खाली लाकूड हवं, अधांतरी कड ठेवली की तिथेच चीर जाते. मग पाच सुती बोर्ड, स्क्रू असे की डोकं कागदात दबेल पण कागद फाटणार नाही. सांध्यांवर कागदी टेप, पहिला हात सहा इंची पात्यानं. तासाभरात काम संपलं आणि तो गेला. बाबा अस्वस्थ. "पाणी कोण मारणार?" जन्मभर सिमेंटच्या गिलाव्याला सात-सात दिवस पाणी मारायला लावलेला माणूस तो. इथे उलटं, पंखा लावून वाळू द्यायचं, हे त्यांना पटायला संध्याकाळ गेली.

दुसऱ्या दिवशी दहा इंची पातं. तिसऱ्या दिवशी बारा इंची. खरं कसब इथे आहे आणि ते मी स्टूल ओढून बघत बसलो होतो. डाव्या हातात मडचं लांबट भांडं. पात्यावर मड घेतलं की त्याची एक कड भांड्याच्या काठावर पुसायची, छताला पातं टेकवायचं आणि मनगट किंचित कलतं ठेवून एकाच दमात ओढायचं. बाहेरच्या कडेवर दाब, आतल्या कडेवर सैल. सांध्यापाशी थर अगदी थोडा जाड, दोन्हीकडे दीड-दीड वितीवर शून्य. म्हणजे सांधा सपाट होतच नाही, तो फक्त इतका पसरट उतरतो की डोळा फसतो. बाबा म्हणाले, "आमचा गवंडी ओळंबा लावायचा. हा उजेड लावतो." कारण घासायच्या आधी त्यानंही तेच केलं, दिवा आडवा धरून सावल्या बघितल्या आणि दोन ठिकाणी पेन्सिलीनं गोल काढले. बाबांनी तिसरी जागा दाखवली. त्यानं हात फिरवून बघितला, मान हलवली आणि तिसरा गोल काढला. त्या दिवसभर बाबांचा रुबाब काही विचारू नका.

घासायला व्हॅक्यूम लावलेलं मशीन होतं, त्यामुळे धूळ नावालाच. मग डाग अडवणारा प्रायमर आणि शेवटी अख्ख्या छताला रंग, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. फक्त ठिगळावर रंग मारला की रंगाचंच ठिगळ दिसतं. उरलेले ६५० डॉलर मी त्या संध्याकाळी उन्हाची तिरीप येऊन गेल्यावर दिले, तोही तोपर्यंत अंगणात गाडीला टेकून थांबला होता.

जाताना त्यानं अर्धी बादली मड गॅरेजमध्ये ठेवून दिलं. मुलाच्या खोलीत दाराच्या मुठीनं भिंतीला पाडलेलं लिंबाएवढं भोक आहे, त्यासाठी यायला तो किमान ३०० डॉलर घेतो. म्हटलं, आता तर बघून बघून शिकलो आपण. सहा इंची पातं आणलं, दहा इंची आणलं, जाळीचं ठिगळ लावलं, चार हात दिले, चार वेळा घासलं. बाबांनी बॅटरी आडवी धरली आणि काहीही न बोलता विझवली. आता तिथे महाराष्ट्र मंडळाचं कॅलेंडर आहे. कॅलेंडर कमरेच्या उंचीला का लावलंय, असं येणारा प्रत्येक जण विचारतो.