फेंडर रुंद झाले, आतलं लायनर तेवढंच राहिलं

ऑगस्टमध्ये श्रीवर्धनहून पुण्याला येताना ताम्हिणीत एका वळणावर हॉर्न दाबला तर बोकड ओरडल्यासारखा आवाज आला. बायको हसत सुटली, मी गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडलं तर हॉर्नच्या तोंडात लाल चिखल, हेडलाइटच्या कनेक्टरवर पण तोच.

झालं असं की गेल्या दिवाळीत थारला फायबरचे वाइड फेंडर, म्हणजे चाकावरचे रुंद मडगार्ड बसवले, २५५ एमएम रुंदीचे टायर काढून २८५ चे टाकले, फोटोबिटो झाले. फेंडर बाहेर आला पण आतलं ओरिजिनल लायनर, म्हणजे चाकाच्या वरचं प्लास्टिकचं अस्तर, होतं तिथेच, मग त्याची कड आणि नवा फेंडर यात चांगली दीड-दोन इंचाची फट राहिली आणि चाकाने उडवलेलं सगळं त्यातून थेट वर. बसवणाऱ्याला विचारलं तर म्हणे, "सर, ते दिसतं का बाहेरून?" बाहेरून नाहीच दिसत ओ, पण आतल्या घडीत चिखल बसला की वरून वाळतो, आतून ओला राहतो, आणि पत्रा तिथूनच सडतो.

शेवटी फट झाकणारं लायनर घरीच करायला घेतलं. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून माप घेतलं, त्यावरून २ एमएमची एचडीपीई शीट कापली, हीट गनने जरा जरा तापवत गोलाई दिली. या प्लास्टिकला गोंद, सिलिकॉन काही धरत नाही, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमच्या एल पट्ट्या आणि नट-बोल्ट. पहिल्यांदा रिव्हेट मारून गच्च बसवलं होतं, दुपारच्या उन्हात पापडासारखं फुगलं! मीटरभर एचडीपीई ३० डिग्रीने तापलं तर चार-पाच एमएम वाढतं, म्हणून आता भोकं लांबट केलीत, मोठे वॉशर टाकलेत आणि बोल्ट जरा हलके ठेवलेत. पत्र्याला जिथे भोक पाडलं तिथे आधी प्राइमर, मग बोल्ट, यात आळस नको.

दुसरी चूक म्हणजे माप चाक सरळ ठेवून घेतलं. सोसायटीच्या गेटवर फुल स्टिअरिंग मारलं आणि खर्रर्र... वॉचमनकाका पण दचकले. मग जॅक लावून एक चाक वर उचललं, दोन्हीकडे फुल लॉक करून बघितलं, टायरवर ओला खडू फासला आणि लायनरवर जिथे पांढरं उमटलं तिथे परत हीट गन मारून दाबलं. हे तीन वेळा. पाठ धरली ती वेगळीच.

उजवी बाजू झाली. तोच पुठ्ठा उलटा करून डावीकडे धरला तर बोटभर फरक, हाताने बनवलेले फेंडर, दोन्ही सारखे कुठले असणार. आता दुसरा खोका शोधतोय. आणि हॉर्न दोनदा धुतला, अजून बोकडच आहे.