वूशी: लाल भांडवलदाराचं गाव

शांघायहून बुलेट ट्रेनने वूशी तासाभराच्या आत येतं. लोक तिथे जातात ताईहू तलाव बघायला. मी गेलो रोंग यीरेनपायी. गिरणीमालकाचा मुलगा, स्वतः गिरणीमालक आणि कम्युनिस्ट चीनचा उपराष्ट्राध्यक्ष. हे गणित जमलं कसं, याचं कुतूहल होतं.

मेट्रोने मेयुआन गाठलं. ही प्लमच्या झाडांची बाग यीरेनचे वडील रोंग दशंग आणि काका रोंग त्सोंगजिंग यांनी 1912 मध्ये वसवायला घेतली. मी गेलो तेव्हा बहर ऐन भरात होता. बुंधे काळे, वाकडेतिकडे, शेवाळ धरलेले. पान औषधालाही नाही आणि फुलं थेट फांदीला चिकटलेली. टेकडीवर या भावांनी आईसाठी बांधलेला मनोरा आहे. तिथे सेल्फीवाल्यांची ही गर्दी.

या दोघा भावांना चीनमध्ये ‘पिठाचे राजे’ आणि ‘सुताचे राजे’ म्हणत. पिठाच्या गिरणीपासून सुरुवात, मग शांघायमध्ये शनशिन सूतगिरण्या. कालव्याकाठच्या त्यांच्या माओशिन पीठगिरणीत आता उद्योगांचं संग्रहालय आहे. जुन्या यंत्रांपाशी मी बराच रेंगाळलो. गिरणी म्हटलं की मुंबईकराचा पाय निघत नाही!

यीरेनचा जन्म 1916 चा. 1949 मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले तेव्हा घरातले बरेच जण देशाबाहेर पडले, हा राहिला. देशप्रेम होतंच, असं सगळे सांगतात. मला मात्र त्यामागचा हिशेबही दिसतो. सैन्याला कुजकं पीठ पुरवल्याच्या आरोपावरून कुओमिन्तांग सरकारने, म्हणजे कम्युनिस्टांआधीच्या राष्ट्रवादी पक्षाच्या राजवटीने, त्याच्यावर खटला भरला होता. सुनावणी होती 25 मे 1949 ला, आणि नेमक्या त्याच दिवशी माओचं सैन्य शांघायमध्ये शिरलं. खटला राहिला बाजूला. त्याआधी, 1946 मध्ये, वडिलांचं अपहरण झालं होतं आणि जबर खंडणी भरून त्यांना सोडवावं लागलं होतं. असल्या राजवटीसाठी कोण रडणार?

1956 मध्ये त्याने गिरण्या सरकारच्या भागीदारीत दिल्या. व्यवहारात त्या सरकारच्याच झाल्या. मेयुआन तर आदल्याच वर्षी देऊन टाकली होती. मोबदल्यात पदं मिळाली: 1957 मध्ये शांघायचा उपमहापौर, मग वस्त्रोद्योग खात्याचा उपमंत्री. पण माओच्या सांस्कृतिक क्रांतीत रेड गार्ड्सनी, म्हणजे त्याच्या कट्टर तरुण समर्थकांनी, यीरेनला मारहाण केलीच. पंतप्रधान चाऊ एन लाय यांनी पाठीशी घातलं म्हणून निभावलं.

खरा डाव 1979 चा. जानेवारीत, माओनंतर अर्थव्यवस्था खुली करायला निघालेले नेते डेंग झियाओपिंग यांनी पाच जुन्या उद्योगपतींना बोलावलं आणि बोलणी झाल्यावर हॉटपॉट खाऊ घातला. त्या पाचांत यीरेन होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परदेशी भांडवल आणण्यासाठी त्याने ‘सिटिक’ ही सरकारी कंपनी उभी केली. 1982 मध्ये तिने जपानमध्ये 10 अब्ज येनचे रोखे विकले. कर्ज काढणं हेच ज्या व्यवस्थेत पाप, तिथे हे धाडसच. 1993 ते 1998 तो उपराष्ट्राध्यक्ष होता. पद शोभेचं, पण बाहेरच्या गुंतवणूकदारांना दाखवायला त्याच्याइतका पटणारा चेहरा दुसरा नव्हता.

2005 मध्ये तो गेला, आणि मग जाहीर झालं की 1985 पासून तो कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य होता. वीस वर्षं गुपचूप! जगाला मात्र तो ‘पक्षाबाहेरचा भांडवलदार’ म्हणूनच दाखवला जात होता.

जायचं असेल तर फेब्रुवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात गाठा, आणि रविवार टाळा. वूशीच्या जेवणात साखर सढळ हाताने पडते, तेव्हा तिखट खाणाऱ्यांनी लसणाची चटणी सोबत ठेवावी.