फॉरमॅट मारण्याआधी

संगणक रखडू लागला, मधेच बंद पडू लागला किंवा एखादे संकेतस्थळ उघडेनासे झाले, की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारून घ्या’, म्हणजे डिस्कवरचे सगळे पुसून विंडोज नव्याने बसवा, हा. सल्ला देणाऱ्याला तो सोयीचा असतो, कारण काही तासांत काम उरकते, यंत्र थोडे दिवस चपळ वाटते आणि नेमके काय बिघडले होते हे शोधण्याची गरज उरत नाही. मालकाला मात्र तो बहुतेक वेळा महागात पडतो. आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरी एक असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. तिसऱ्या पिढीचा इंटेल कोअर आय-३, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि डीडीआर-३ रॅम, म्हणजे २०१२-१३ च्या सुमारास मध्यमवर्गीय घरांत येणाऱ्या संगणकाचा अगदी सर्वसाधारण नमुना. तो अजून रोज चालतो. त्याची आणि शेजारपाजारच्या त्याच वयाच्या यंत्रांची निगा राखताना माझे असे मत झाले आहे, की जुन्या संगणकात विंडोजपेक्षा झिजणाऱ्या वस्तूच अधिक वेळा दगा देतात, आणि त्यांतली एकही वस्तू फॉरमॅट मारल्याने नवी होत नाही.

सर्वांत स्वस्त वस्तूपासून सुरुवात करतो. मदरबोर्डावर नाण्याच्या आकाराची एक लिथियम बॅटरी असते आणि तिच्यावर सीआर २०३२ असे छापलेले असते. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. संगणक बंद असताना आतले घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. भिंतीवरचे बटण चालू असेल, तर एसएमपीएसकडून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याकडून) येणाऱ्या स्टँडबाय विजेवरच हे घड्याळ चालते आणि बॅटरीवर जवळजवळ भार पडत नाही. आपल्या घरांत मात्र रात्री झोपण्यापूर्वी भिंतीवरची सगळी बटणे बंद करण्याची शिस्त असते (पावसाळ्यात विजा कडाडत असताना ती योग्यच आहे), त्यामुळे ही बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर संपते. ती संपल्याची खूण फसवी असते. शेजारच्या काकूंनी एकदा मला विचारले, “अरे, बँकेची साइट उघडतच नाही, व्हायरस तर शिरला नसेल ना?” त्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख २०१२ सालची होती. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. संगणक स्वतःला २०१२ मध्ये समजत असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेले दिसते आणि ब्राउझर दार लावून घेतो. या दुखण्यावर तारीख दुरुस्त करणे हा तात्पुरता आणि बॅटरी बदलणे हा कायमचा उपाय आहे. फॉरमॅट मारल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी तीच तारीख पुन्हा हजर होते.

याच बॅटरीतून एक अधिक गंभीर गैरसमज जन्माला येतो. जुन्या बोर्डांवर घड्याळाबरोबर बायोसमधल्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डातल्याच मूळ प्रोग्रॅममधल्या) निवडीही तिच्या आधारावर टिकून असतात. बॅटरी संपली, की या निवडी कारखान्यातल्या मूळ स्थितीला जातात, आणि काही बोर्डांवर त्या मूळ स्थितीत हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत ‘आयडीई’ ही जुनी असते. विंडोज जर ‘एएचसीआय’ या नव्या पद्धतीत बसवलेले असेल, तर ते आता सुरूच होत नाही. निळा पडदा येतो आणि बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश दिसतो. अशा वेळी “साहेब, विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावा लागेल” हे ऐकून मान डोलावणारे लोक मी पाहिले आहेत. खरे तर बायोसमध्ये जाऊन ती एक निवड पूर्ववत केली, की सर्व फायलींसह जुने विंडोज जसेच्या तसे उघडते. म्हणून संगणक धडधाकट असतानाच बायोसच्या सर्व पडद्यांची मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत. बॅटरी बदलताना वीजतार काढावी, कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला एकदा हात लावावा, आणि अधिक चिन्हाची बाजू वर ठेवावी. याहून अधिक काही करावे लागत नाही.

आता हार्ड डिस्क. संगणक ‘स्लो’ झाल्याच्या तक्रारीत दहापैकी बहुतेक वेळा दोष हिचाच असतो, पण तो दोन निराळ्या प्रकारचा असतो आणि दोन्हींत गल्लत करू नये. पहिला प्रकार तिच्या रचनेतलाच आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला अर्धा फेरा पूर्ण करायला ४ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो, त्यात वाचणारा दांडा योग्य जागी सरकण्याचा वेळ मिळवला, तर विखुरलेल्या ठिकाणचे लहान लहान तुकडे ती सेकंदाला शंभरही वाचू शकत नाही. विंडोज १० सुरू होताना असे हजारो तुकडे मागते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडल्यास डिस्कच्या रकान्यात बराच वेळ १०० टक्के दिसते ते यामुळे. यात डिस्क आजारी नसते, फक्त काळाच्या मागे पडलेली असते.

दुसरा प्रकार खऱ्या आजाराचा. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ नावाच्या तक्त्यात ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर तो तक्ता वाचून दाखवते. मी त्यातल्या तीन ओळींकडे पाहतो. ०५ क्रमांकाच्या ओळीत किती खराब जागा राखीव जागांनी बदलल्या गेल्या ते कळते. सी-५ मध्ये किती जागा वाचता येत नाहीत आणि निर्णयाच्या प्रतीक्षेत आहेत ते. आणि सी-७ मध्ये डिस्क व मदरबोर्ड यांच्यातल्या दळणवळणात किती चुका झाल्या ते. सी-७ चा आकडा वाढत असेल आणि बाकीचे दोन शून्य असतील, तर डिस्कला दोष न देता दोघांना जोडणारी लाल किंवा काळी साटा केबल बदलून पाहावी. आपल्या दमट हवेत केबलच्या टोकांवर थर चढतो आणि अनेकदा तेवढ्यानेच काम होते. सी-५ मध्ये आकडा दिसला, तर मात्र इतर सर्व कामे थांबवून महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

फॉरमॅटला माझा खरा विरोध इथे आहे. क्विक फॉरमॅट डिस्कवरची फक्त अनुक्रमणिका नव्याने लिहितो, आणि खराब जागा आहे तिथेच राहते. पूर्ण फॉरमॅट, विंडोज व्हिस्टापासून पुढे, संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहितो. त्या लेखनात प्रतीक्षेतल्या जागांचा निकाल लागतो, सी-५ चा आकडा शून्यावर येऊ शकतो आणि डिस्क बरी झाल्याचा भास होतो. घरातले फोटो आणि हिशेब गेलेले असतात, आणि झिजलेली डिस्क मात्र नव्या कोऱ्या विंडोजसह पुन्हा कामाला जुंपलेली असते.

जुन्या डेस्कटॉपवर पैसे खर्चायचेच असतील, तर ते एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर, खर्चावेत असे माझे ठाम मत आहे. एच-६१ चिपसेटला साटाचा दुसऱ्या पिढीचा, म्हणजे सेकंदाला ३ गिगाबिटचाच वेग आहे, त्यामुळे खोक्यावर लिहिलेला ५०० मेगाबाइटांच्या पुढचा वेग मिळत नाही. जेमतेम निम्मा मिळतो. “मग तुमच्या जुन्या बोर्डाला काय उपयोग?” असे एका दुकानदाराने मला विचारले होते. उपयोग आहे, कारण वर सांगितलेल्या विखुरलेल्या तुकड्यांच्या बाबतीत फरक दुपटीचा नसून शेकडो पटींचा असतो, आणि रोजच्या वापरात जाणवतो तो हाच फरक. अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी. एम डॉट टू प्रकारच्या पट्टीला या बोर्डांवर जागा नसते. रॅम ४ जीबी असेल, तर ती ८ करणे हा दुसरा खर्च. डीडीआर-३ पट्टीला २४० पिना असतात आणि डीडीआर-४ ला २८८, खाचही निराळ्या जागी असते, तेव्हा चुकीची पट्टी बसतच नाही. जोर लावू नये. स्टेशन परिसरातल्या दुकानांत आता डीडीआर-३ नेहमी मिळेलच असे नाही, पण दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरल्यावर लॅमिंग्टन रोडवर वापरलेल्या पट्ट्या मिळतात. तिथे पट्टी दुकानातच चालवून दाखवायला सांगण्यात संकोच करू नये.

खाडीकाठच्या शहरात संगणक ठेवण्याचे काही खास त्रास आहेत. पावसाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, आणि त्या हवेत धूळ भुरभुरीत न राहता चिकट होऊन कूलरच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या माझ्या मित्राच्या कॅबिनेटमध्ये मेट्रो ४ च्या बांधकामाची जी धूळ निघाली, तिला ब्लोअर पुरला नाही, ब्रश घ्यावा लागला. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. हवेच्या झोताने पंखा बेफाम फिरला, तर त्याचे बेअरिंग खराब होते. धूळ काढूनही प्रोसेसरचे तापमान काही काम नसताना ६० अंशांच्या वर राहत असेल, तर त्याच्यावरची, उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट वाळली आहे असे समजावे. शंभर अंशांच्या आसपास इंटेलचे प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतात, आणि त्याहून पुढे गेल्यास यंत्र सरळ बंद होते. मे महिन्याच्या दुपारी संगणक ‘आपोआप बंद पडतो’ तो बहुधा असाच. पावसाळ्यात यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये. रोज थोडा वेळ चालवले, की आतली ऊब ओल धरू देत नाही. बटण दाबल्यावर पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, ही जुलैतली नेहमीची तक्रार रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्याने बऱ्याचदा मिटते. पट्टीच्या सोनेरी कडा खोडरबरने घासण्याची पद्धत सर्वत्र आहे. मला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड अधिक बरे वाटते, कारण तो सोन्याचा मुलामा फार पातळ असतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखा झटका बसत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. एसएमपीएसमधले फिल्टरचे कपॅसिटर अर्थिंग नसेल, तर कॅबिनेटवर जवळपास निम्मा दाब, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट आणून ठेवतात. प्रवाह अगदी अल्प असतो, पण त्याचा अर्थ तिसऱ्या पिनेला वायर जोडलेली नाही असा होतो, आणि जुन्या चाळींत व इमारतींत ही गोष्ट आजही आढळते. हे काम संगणकवाल्याचे नाही, वायरमनचे आहे. एसएमपीएस मात्र घरी उघडू नये. वीजतार काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टांहून अधिक दाब काही काळ राहू शकतो.

मराठी घरांपुरता आणखी एक मुद्दा आहे. बऱ्याच जुन्या संगणकांत सोसायटीची इतिवृत्ते, लग्नपत्रिका, एखाद्याच्या आजोबांच्या आठवणी श्रीलिपी किंवा सीडॅकच्या आयएसएम या मराठी टंकलेखनाच्या पॅकेजांत टंकलेल्या असतात. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे आज सर्वत्र चालणाऱ्या प्रमाणित अक्षरसंकेतात, नाहीत. फॉरमॅट मारल्यावर फायली बॅकअपमधून परत आल्या तरी फॉन्ट परत येत नाही, आणि उघडल्यावर दिसते ती रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग. म्हणून फायलींबरोबर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरचीही प्रत घ्यावी आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावी लागतात.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर अधिकृतपणे लागतो, तेव्हा आमचे यंत्र त्यात बसत नाही. अटी चुकवून ते बसवण्याचे मार्ग आहेत, पण पुढची अपडेट्स मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्यावर घरातली वडील माणसे बँकेचे व्यवहार करतात त्या संगणकावर असा प्रयोग मी करणार नाही. एसएसडी बसवली तेव्हाच मी तिच्यावर लिनक्स मिंट या मोफत कार्यप्रणालीची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती टाकली. २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट्स आहेत, ब्राउझर तोच आहे आणि मराठी टंकण्याचा इनस्क्रिप्ट कळफलक चालतो. श्रीलिपीसारखे विंडोजवरचे पॅकेज वापरायचेच असेल, तर मात्र जुनी डिस्क जोडून, इंटरनेटची तार काढून, तेवढ्यापुरते जुने विंडोज चालवणे बरे.

फॉरमॅटला जागा आहे ती इथे: नव्या डिस्कवर, जिथे गमावण्यासारखे काही नाही. जुनी डिस्क काढून तिच्यावर तारीख आणि आत काय आहे ते लिहावे, आणि निदान एक पूर्ण आर्थिक वर्ष तिला हात लावू नये. विवरणपत्र भरताना नेमकी तिच्यातलीच एखादी फाइल लागते. त्यानंतर ती भंगारवाल्याला देण्याऐवजी ई-कचरा अधिकृतपणे घेणाऱ्या संकलन केंद्रात द्यावी, आणि देण्यापूर्वी तिच्यावर पूर्ण फॉरमॅट खुशाल मारावा.