सूप डंपलिंगचा शोध चालूच
आज घराजवळच्या चायनीज रेस्टॉरंटमध्ये शाओलोंगबाओ (आत खिमा आणि गरम सूप भरलेले, वाफवलेले चिनी डंपलिंग) मागवले. बांबूची करंडी आली, झाकण उघडलं, वाफेनं चष्मा धुरकटला. पहिलंच डंपलिंग उचललं तर बूड खालच्या कागदाला चिकटलेलं. टर्रकन फाटलं आणि सगळं सूप खाली! जीव हळहळला.

दुसरं मात्र शेंड्याला धरून अलगद सोडवलं, चमच्यात ठेवलं, कडेला बारीकसं भोक पाडून आधी सूप ओढून घेतलं. गरम, दाट, ओठांना किंचित चिकटणारं. ही खरी खूण. डुकराची कातडी बराच वेळ उकळून काढलेला रस गार झाला की जेलीसारखा थिजतो. तो खिम्यात मिसळून पारीत भरतात आणि वाफेवर तो परत वितळतो. (सुईनं सूप भरत नाहीत हो, हे मला दरवेळी कुणीतरी विचारतंच.)

पारी मात्र जाड होती, वर चुण्यांच्या गाठीपाशी तर कच्चीच. काळ्या व्हिनेगरमधलं आलं अगदी केसासारखं बारीक चिरलेलं, त्याला पैकीच्या पैकी मार्क.

सूप जमलंय, पारी जमली की झालं. पातळ पारीचे कुणी कुठे खाल्ले असतील तर कमेंटमध्ये सांगा, लगेच निघते.