तुम्ही विचारलंत म्हणून: मुलाखत झाली, पुढे काहीच कळत नाही

सांगली-मिरजेची पोरं मुलाखतीच्या तयारीला येतात, पण विचारतात ते मुलाखतीनंतरचं. "सर, इंटरव्ह्यू चांगला झाला. पंधरा दिवस झाले, कंपनी काहीच कळवत नाही. काय समजायचं?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो.

बऱ्याचदा तुम्ही दुसऱ्या नंबरवर असता. पहिल्या नंबरच्या माणसाला ऑफर गेलेली असते, त्याचा नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर जुन्या कंपनीत काढायचे दिवस, ६० किंवा ९० दिवसांचा असतो, आणि तो रुजू होईपर्यंत एचआर तुम्हाला हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. नाहीतर जागेची मंजुरीच हेड ऑफिसला अडकलेली असते आणि प्लँटच्या एचआरकडे सांगण्यासारखं काही नसतं. एवढं सांगितलं की "तुम्ही कंपनीचीच बाजू घेता" असं ऐकावं लागतं. बाजू घेत नाही. दोन ओळींचा मेल टाकायला खर्च येत नाही, तो टाकायलाच हवा. पण खासगी कंपनीवर तसं बंधन नाही, म्हणून काळजी आपणच घ्यायची.

ती न घेतल्यावर काय होतं ते सांगतो. कुपवाड एमआयडीसीतला एक क्वालिटी इन्स्पेक्टर. शिरवळच्या एका कंपनीत दोन राउंड झाले. एचआरने तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, आधारची प्रत आणि पीएफचा यूएएन नंबर मागवला, वर फोनवर म्हणाले, "झालंच समजा." पोराने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. घरी पेढे वाटले. मग फोन बंद. मेलला उत्तर नाही. इकडे नोटीसचे दिवस संपत आले, जुन्या कंपनीत त्याच्या जागेवर दुसरा माणूस घेतला गेला. कंपनीने फसवलं असं म्हणायलाही जागा नव्हती, कारण लेखी काहीच नव्हतं. स्लिपा मागवतात त्या पुष्कळदा पगार किती द्यावा लागेल हे बघायला. त्याचा अर्थ निवड झाली असा होत नाही. पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख लिहिलेलं ऑफर लेटर कंपनीच्या अधिकृत मेलवरून येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही. दिलाच असेल आणि तिकडून आवाज नसेल, तर तो मंजूर होण्याआधी मागे घेत असल्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विनंतीला अर्थ नाही.

आता पाठपुरावा. खरं काम मुलाखतीच्या खोलीतच असतं. उठण्याआधी विचारा: निर्णय कधीपर्यंत, आणि तोवर कळलं नाही तर कुणाशी बोलू? सांगितलेल्या तारखेनंतर दोन कामाचे दिवस जाऊ द्या, मग मेल करा. विषयात पद, मुलाखतीची तारीख, तुमचं नाव. मजकूर चार ओळी: कोणाला भेटलो, निर्णय कुठवर आला, माझा नोटीस पिरियड किती, आणखी काही कागद हवेत का. "कृपया संधी द्यावी" वगैरे नको. आठवड्याने एक फोन, अकरा ते साडेबाराच्या दरम्यान. सकाळी प्लँटच्या मीटिंगा असतात. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं धरू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर 'सर काय झालं' रोज टाकायचं नाही. स्पॅम फोल्डर मात्र रोज बघा. आणि याच काळात कुणी डिपॉझिट मागितलं, तर ती नोकरी नाही, फसवणूक आहे.

महापालिका किंवा जिल्हा परिषदेची भरती असेल तर गोष्ट वेगळी. तिथे माहिती अधिकाराचा अर्ज चालतो: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील.

मेल आणि फोननंतर आठवडाभर काही नाही आलं, तर ती जागा गेली असं धरून पुढचे अर्ज चालू ठेवा. त्यानंतर पुन्हा मेल करूच नका असं मी पूर्वी ठासून सांगायचो. आता म्हणतो, दोन-तीन महिन्यांनी एक करा, कारण पहिल्या नंबरचा माणूस आला नाही हे त्याच सुमारास उघड होतं आणि जागा पुन्हा मोकळी होते. पण तो मेल पाठवला की पोरं परत त्याच कंपनीकडे डोळे लावून बसतात आणि बाकीचे अर्ज थांबवतात, हेही बघतोय. त्यामुळे करा म्हणतो, पण कुणाला म्हणावं आणि कुणाला नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही.